आराखडा ही औपचारिकता नव्हे

आपल्या विद्यापीठांत एक मत इतके रुजले आहे की ते कोणी लेख लिहून मांडत नाही. सगळे त्याबरहुकूम वागतात. ते मत असे: संशोधनाचा आराखडा म्हणजे प्रवेशापुरते लागणारे कागदपत्र. ठरलेल्या नमुन्यात तो बसवावा, मार्गदर्शकांची सही घ्यावी आणि समितीपुढे ठेवावा. तो चांगला की वाईट, हे समिती ठरवील. सादर करण्याआधी आपणच त्याची पारख करत बसण्यात अर्थ नाही. खरे संशोधन मान्यतेचे पत्र हाती आल्यावर सुरू होते. पीएच.डी.च्या सिनॉप्सिसविषयी हे बोलले जाते, तसेच अनुदानासाठी पाठवायच्या प्रकल्पाविषयीही.

हे मत चुकीचे आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. आराखड्याची गुणवत्ता सादर करण्यापूर्वी तपासता येते. ती तपासण्याची पहिली जबाबदारी संशोधकाची असते. आणि ही तपासणी हाच संशोधनाचा पहिला टप्पा असतो. ही माझी प्रतिज्ञा. आपल्याकडच्या वादपद्धतीला धरून आधी पूर्वपक्ष मांडतो. तो दुबळा करून मांडणार नाही. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष

पहिला मुद्दा व्यवस्थेचा. मूल्यमापनाची यंत्रणा आधीच उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने संशोधन सल्लागार समितीवर आराखड्याचे परीक्षण करण्याचे, विषय निश्चित करण्याचे आणि अभ्यासाची रचना व पद्धत घडवायला मार्गदर्शन करण्याचे काम सोपवले आहे. समितीतील माणसे अनुभवी असतात. नवख्या विद्यार्थ्याने स्वतःलाच गुण देण्यापेक्षा त्यांच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही का?

दुसरा मुद्दा नमुन्याचा. शीर्षक, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, संशोधनपद्धती, प्रकरणयोजना, संदर्भसूची. ही चौकट अनुभवातून तयार झाली आहे. ती नीट भरली, आणि वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांच्या आत राहिले, म्हणजे किमान गुणवत्तेची हमी मिळाली. आणखी काय हवे?

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. परीक्षकांचे आपसांत एकमतच नसते. स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी १९८१ मध्ये 'सायन्स'मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेल्या १५० प्रस्तावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रस्ताव मंजूर होणे निम्मे त्याच्या गुणांवर आणि निम्मे परीक्षक कोण लाभले या नशिबावर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. २०१८ मध्ये एलिझाबेथ पायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची परीक्षणपद्धत जशीच्या तशी राबवून पाहिली. ४३ परीक्षकांनी २५ अर्ज तपासले. एकाच अर्जाबाबत त्यांच्यात जवळपास काहीच एकमत नव्हते. जाणत्यांनाच गुणवत्ता ओळखता येत नसेल, तर ती अर्जदाराला कशी ओळखता येणार? सोडत आहे; तिकीट काढा आणि वाट पाहा.

चौथा मुद्दा योगायोगाचा. मोठे शोध आराखड्यातून लागत नाहीत. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत १९२८ मध्ये बुरशी पडली, ती कोणत्या आराखड्यात होती?

पाचवा मुद्दा मानव्यविद्यांचा. इतिहास, भाषा, साहित्य या क्षेत्रांत प्रश्न वाचता वाचता उमलतो. तिथे आधीच कसोट्या लावणे म्हणजे एका विद्याशाखेचे माप दुसरीवर लादणे.

हा झाला पूर्वपक्ष. तो पोकळ नाही. त्यातील काही विधाने खरी आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष त्यांतून निघत नाही. आता एकेक मुद्दा घेतो.

उत्तरपक्ष

समितीपासून सुरुवात करू. समिती आराखडा नाकारू शकते, दुरुस्ती सुचवू शकते. पण आराखड्याच्या मुळाशी जो विचार हवा, तो समिती पुरवू शकत नाही. नियमावलीने समितीला परीक्षण आणि मार्गदर्शन करायला सांगितले आहे. परीक्षण करण्याजोगे काहीतरी विद्यार्थ्याने आधी आणलेले असेल, हे त्यात गृहीत आहे. एकाच बैठकीत अनेक आराखडे पाहणाऱ्या समितीला प्रत्येक विषयाच्या खोलात उतरणे शक्य नसते. हा समितीचा दोष नाही. तिच्या कामाची मर्यादा आहे. विषयाशी महिनोन्‌महिने झटलेला एकच माणूस त्या खोलीत असतो, आणि तो टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो.

आराखड्याच्या मुळाशी असलेल्या या विचाराचा खरा अर्थ गडचिरोलीत पाहावा. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' या संस्थेतील सहकाऱ्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेत होत्या. ४७ गावे तुलनेसाठी होती. उपचार सुरू करण्याआधी, १९९३ ते १९९५ या काळात, दोन्हीकडची मूळ स्थिती मोजून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी उपचाराच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेच्या गावांत ५९.६. सुरुवातीची स्थिती हिशेबात घेता घट सुमारे ६२ टक्के. या निष्कर्षाने पुढे धोरण हलवले. घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये आला.

आता वाचकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ती ४७ गावे नसती तर? आधीची मोजणी नसती तर? सेविकांची मेहनत तीच राहिली असती, वाचलेली बाळे तितकीच असती. पण ती सेविकांमुळे वाचली हे कोणाला सिद्ध करता आले नसते. मृत्युदर एरवीही कमी होत होता, असे कोणीही म्हणू शकला असता. आणि ही उणीव नंतर भरून निघाली नसती. १९९९ मध्ये बसून १९९३ ची मोजणी करता येत नाही. या अभ्यासाची ताकद माहिती गोळा होण्यापूर्वी ठरली होती. खरे संशोधन मान्यतेनंतर सुरू होते, हे विधान इथेच कोसळते.

रोनाल्ड फिशर यांनी हीच गोष्ट भारतात येऊन सांगितली होती. १९३८ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी बजावले की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदनासाठी बोलावणे होय; प्रयोग कशाने मेला एवढे तो कदाचित सांगेल. या इशाऱ्याला आठ दशके उलटून गेली. तरीही आपल्याकडे प्रश्नावल्या भरून झाल्यावर 'आता यावर कोणती टेस्ट लावायची?' असे विचारत विद्यार्थी संख्याशास्त्र विभागात येतात. तो प्रश्न आराखड्यात सुटायला हवा होता.

आता नमुना. चौकट उपयोगी आहे, हे मान्य. पण चौकट भरली म्हणजे विचार झाला, हे कसे? नमुनेदार आराखड्यांत सर्रास आढळणारी तीन उदाहरणे तपासू.

पहिले गृहीतकांचे. 'ग्रामीण कादंबरीत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते.' 'महिला बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण होते.' 'ऑनलाइन शिक्षणाचे फायदे व तोटे आहेत.' यांतले पहिले आणि तिसरे खोटे ठरूच शकत नाहीत. दुसरे खोटे ठरू शकेल, पण सक्षमीकरण म्हणजे काय मोजणार आणि कोणाशी तुलना करणार, हे सांगितल्याशिवाय नाही. गटात असलेल्या महिलांनाच विचारून त्या अधिक धीट आढळल्या, तर गटामुळे धीट झाल्या की मुळात धीट महिलाच गटात आल्या? दोन्ही शक्यतांत तीच उत्तरे मिळतील. आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला अनैकांतिक म्हटले आणि हेत्वाभासांत त्याची गणना केली. साध्य असो वा नसो, हेतू दोन्हीकडे आढळत असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. ही शिस्त आपल्याला परकी नाही. आपण ती आराखडा लिहिताना बाजूला ठेवतो.

दुसरे उदाहरण नमुन्याच्या आकाराचे. वाणिज्य, व्यवस्थापन आणि शिक्षणशास्त्रातल्या कितीतरी आराखड्यांत ३८४ हा आकडा येतो. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला आहे. दहा लाखांच्या समूहातील एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर, पाच टक्के कमी-अधिक अचूकतेने सांगायचे असेल, आणि नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला असेल, तर तो आकडा लागू पडतो. त्याच आराखड्यात पुढच्या परिच्छेदात मात्र लिहिलेले असते की प्रतिसादक सोयीनुसार निवडले जातील. मग ३८४ कुठून आला? ज्या अटीवर तो उभा होता ती अटच काढून घेतली. आकडा राहिला, अर्थ गेला.

तिसरे, 'प्रत्येक गटात ३०' हा संकेत. दोन अध्यापनपद्धतींची तुलना करायची आहे आणि दोन्ही गटांत निम्म्या प्रमाण विचलनाइतका फरक आहे, असे समजू. शिक्षणक्षेत्रात हा फरक लहान नव्हे. प्रत्येकी ३० विद्यार्थी घेतले तर तो फरक पाच टक्के सार्थकता पातळीवर सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही किंचित कमी असते. ती ८० टक्क्यांपर्यंत न्यायची तर प्रत्येक गटात सुमारे ६४ विद्यार्थी लागतात. हा हिशेब आधी करता येतो. दहा मिनिटांचे काम आहे. तो न करता वर्षभर राबणारा विद्यार्थी नाणे उडवून निकालाची वाट पाहत असतो. पूर्वपक्षाने सोडतीचा आरोप समितीवर केला. सोडत तर आराखड्यातच बसली आहे!

या तिन्ही आराखड्यांत साम्य शून्य टक्के निघू शकते. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर शब्द उचललेले आहेत का, एवढे सांगते. विचार केलेला आहे का, हे ते सांगत नाही. चोरी न करणे ही प्रामाणिकपणाची किमान अट आहे. तिला गुणवत्तेचे प्रमाणपत्र कोणी केले?

आता तिसरा, वजनदार मुद्दा. परीक्षकांत मतभेद असतात, हे निर्विवाद. पण त्याच अभ्यासांकडे पुन्हा, जरा सावकाश पाहू.

पायर यांच्या प्रयोगातले २५ अर्ज कोणते होते? ते सगळे असे होते की त्यांना पहिल्याच फेरीत किंवा सुधारून पुन्हा पाठवल्यावर अनुदान मिळालेले होते. म्हणजे चाळणीतून आधीच उतरलेले, चांगले अर्ज. उत्तम आणि अत्युत्तम यांत निवड करताना परीक्षकांत मतभेद झाले. यावरून चांगले आणि टाकाऊ यांतला फरक कोणाला कळत नाही, असे कसे म्हणता येईल? शिवाय त्या २५ पैकी काही अर्ज आधी नाकारले गेले होते आणि दुरुस्तीनंतर मंजूर झाले. हे उदाहरण पूर्वपक्षाच्या बाजूने की माझ्या?

मतभेदांचा सर्वांत नेटका हिशेब ऑस्ट्रेलियात झाला. निकोलस ग्रेव्ह्ज, एड्रियन बार्नेट आणि फिलिप क्लार्क यांनी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेकडे २००९ मध्ये आलेल्या २,७०५ प्रस्तावांच्या गुणांचे विश्लेषण करून ते २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापले. परीक्षक बदलले असते तर निकाल किती बदलले असते, हे त्यांनी तपासले. ९ टक्के प्रस्ताव काहीही झाले तरी मंजूर झाले असते. २९ टक्के कधी मंजूर, कधी नामंजूर. आणि ६१ टक्के प्रस्ताव कोणतेही परीक्षक लाभले तरी नामंजूरच झाले असते.

हा अभ्यास नशिबाच्या बाजूचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो, आणि २९ टक्क्यांपुरता तो तसा आहेही. मंजुरीच्या रेषेजवळच्यांना नशीब लागते. पण ६१ टक्क्यांसाठी सोडत नव्हतीच. त्यांचा निकाल सादर करण्यापूर्वी लागला होता. सोडतीत भाग घेण्यासाठीसुद्धा आधी त्या २९ टक्क्यांत यावे लागते, आणि तिथे नशीब नेत नाही. कोल बंधू आणि सायमन यांचा निष्कर्षही असाच वाचावा. निम्मे नशीब, म्हणजे निम्मे गुण. जे निम्मे आपल्या हातात आहे ते सोडून द्यावे, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? उलट परीक्षणात इतकी डळमळ असेल, तर संशोधकाच्या स्वतःच्या तपासणीचे महत्त्व वाढते. बाहेरचा निवाडा भरवशाचा नसेल तर आतला अधिक कडक हवा.

चौथा मुद्दा योगायोगाचा. फ्लेमिंगची बुरशी आराखड्यात नव्हती, हे खरे. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९२९ मध्ये निरीक्षण प्रसिद्ध झाले, आणि जवळजवळ दहा वर्षे पेनिसिलिन हे रुग्णाच्या अंगात सोडण्याचे औषध होऊ शकले नाही. ते झाले ऑक्सफर्डमध्ये, हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या आखीव कामातून. त्यासाठी फ्लोरींनी रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे रीतसर अर्ज करून अनुदान मिळवले होते. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतूंची लागण केली. चार उंदरांना पेनिसिलिन दिले, चारांना दिले नाही. न दिलेले चारही सकाळपर्यंत मेले. योगायोगाने दिले ते निरीक्षण. औषध दिले ते या चार-चारच्या तुलनेने. त्या दुसऱ्या चार उंदरांची योजना कोणत्याही बुरशीने केली नव्हती.

शिवाय अनपेक्षित गोष्ट अनपेक्षित म्हणून ओळखायची तर आधी अपेक्षा काय होती हे लिहिलेले असावे लागते. ज्याने काहीच अपेक्षिले नाही, त्याला धक्का कशाने बसणार? चांगला आराखडा नवलाला अडवत नाही. नवल घडले तर ते नवल आहे, हे तो दाखवून देतो. काम पुढे सरकताना आराखडा बदलावा लागतो, हेही मान्य. पण बदल करायला आधी काहीतरी ठरलेले लागते.

याला अलीकडचा एक बोलका पुरावा आहे. २०१३ मध्ये 'कॉर्टेक्स' या नियतकालिकाने एक पद्धत सुरू केली: माहिती गोळा करण्यापूर्वीच आराखड्याचे परीक्षण करायचे आणि तो स्वीकारला तर निकाल काहीही आला तरी लेख छापायचा. पुढे अनेक नियतकालिकांनी ती घेतली. मानसशास्त्रातील नेहमीच्या लेखांत ९६ टक्के गृहीतके खरी ठरल्याचे सांगितले जात होते. आधी परीक्षण झालेल्या लेखांत हे प्रमाण ४४ टक्के निघाले, असा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. या फरकाचा काही भाग गृहीतके अधिक धाडसी असण्यातून आला असेल. तरीही ९६ टक्के हा आकडा कोणत्या जिज्ञासू विद्येला शोभतो? जिथे चुकण्याची सोयच नाही, तिथे शोध कसला?

पाचवा मुद्दा मानव्यविद्यांचा. इथे मी पूर्वपक्षाशी अर्धा सहमत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला बळेबळे गृहीतके लिहायला लावणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे; वर उद्धृत केलेली हास्यास्पद गृहीतके त्याच सक्तीतून जन्मतात. पण गृहीतक नको म्हणजे प्रश्नही नको, असे होत नाही. मानव्यविद्यांना आधीच्या तपासणीचे वावडे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा इतिहास पाहावा.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. शेकडो हस्तलिखिते, अनेक लिप्या, परस्परविरोधी पाठ. इतक्या अवाढव्य कामात उडी घेण्यापूर्वी संस्थेने काय केले? १९२३ मध्ये ना. बा. उटगीकर यांनी संपादित केलेली विराटपर्वाची एक कामचलाऊ आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती विद्वानांपुढे मतांसाठी ठेवली. पद्धत चालते का, कुठे अडते, टिपा कशा द्याव्यात, हे एका पर्वावर आजमावले. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी पाठनिश्चितीचे नियम बांधले आणि १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते जगापुढे मांडले, जेणेकरून कोणालाही ते तपासता यावेत, खोडता यावेत. विराटपर्वाची अंतिम आवृत्ती १९३६ मध्ये रघु वीर यांच्या संपादनाखाली नव्याने निघाली. संपूर्ण काम १९६६ मध्ये पुरे झाले. संपादक बदलले, पिढ्या बदलल्या, काम टिकले. पद्धत आधी पारखून घेतलेली नसती तर ४७ वर्षे ते एका सूत्रात राहिले असते का?

तेव्हा मानव्यविद्येत प्रश्न कसा असतो ते पाहू. 'स्वातंत्र्योत्तर मराठी ग्रामीण कादंबरी : एक चिकित्सक अभ्यास' हा प्रश्न नाही, तो ग्रंथालयातला एक कप्पा आहे. '१९६० ते १९८० मधील ग्रामीण कादंबऱ्यांत निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही विभागणी कोणत्या लेखकांनी मोडली आणि त्याने निवेदकाचे पात्रांशी नाते कसे बदलले?' हा प्रश्न आहे. त्याला उत्तर असू शकते. ते उत्तर कोणी खोडू शकतो. कोणत्या कादंबऱ्या वाचायच्या, त्यांत काय शोधायचे, हे त्यातूनच ठरते. यात एकही संख्याशास्त्रीय चाचणी नाही. कसोटी मात्र आहे.

मंडन

खंडन झाले. पण केवळ खंडन करून थांबणे म्हणजे वितंडा. सादर करण्यापूर्वी आराखडा तपासायचा कसा, हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

पहिली कसोटी: उलट निष्कर्ष लिहून पाहावा. आपल्या अपेक्षेच्या विरुद्ध निकाल आला तर तो कसा दिसेल, हे एका परिच्छेदात मांडावे. तो परिच्छेद लिहिताच येत नसेल, तर आराखड्यात प्रश्न नाही. सगळ्या कसोट्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय.

दुसरी: तक्ते आधी आखावेत, रिकामे. अहवालात जे तक्ते येणार त्यांची शीर्षके, ओळी, रकाने आत्ताच तयार करावेत आणि कोणता रकाना कोणत्या उद्दिष्टाला उत्तर देतो ते लिहावे. प्रश्नावलीत पन्नास प्रश्न असतात आणि त्यांतल्या तिसांना एकाही तक्त्यात जागा मिळत नाही, हे तेव्हा दिसते. एखाद्या उद्दिष्टासाठी एकही तक्ता नाही, हेही तेव्हाच दिसते. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या अभ्यासकाने तक्त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाचा दावा एका वाक्यात आणि त्याखाली लागणारी साधने लिहावीत.

तिसरी: आपला वाद कोणाशी आहे, ते सांगता यावे. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणून 'अमुक यांनी अमुक साली असा अभ्यास केला' या वाक्यांची माळ ओवली जाते. माळेतून उणीव दिसत नाही. आपल्या मताला सर्वांत जड जाणारे आधीचे काम कोणते, आणि त्यानंतरही आपले काम का उरते? 'शोधगंगा'वर प्रबंध आणि 'शोधगंगोत्री'वर मान्य आराखडे घरबसल्या पाहता येतात. ते न पाहता 'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही' असे लिहिणे ही बेफिकिरी आहे.

चौथी: सर्वांत कच्चा दुवा आधी ओढून पाहावा. परवानगी मिळेल का? दप्तर उघडे आहे का? लोक उत्तर देतील का? प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील ताग लागवडीचे सर्वेक्षण १९३७ पासून लहान क्षेत्रावर अजमावत, दरवर्षी व्याप्ती वाढवत नेले आणि १९४१ मध्ये ते सगळ्या प्रांतावर केले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मधून दाखवले की पीककापणीसाठी फार लहान तुकडे घेतले तर उत्पादनाचा अंदाज फुगतो, कारण कडेची रोपे आत ओढली जातात. तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक जात नाही. ती रचनेतली चूक आहे. रचनेतली चूक आधीच शोधावी लागते.

पाचवी: तीन वाचक. एक विषयातला, एक पद्धतीतला, एक दोन्हींबाहेरचा. स्वतःच्या लेखनातल्या फटी स्वतःला दिसत नाहीत, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. त्यावर उपाय तपासणी टाळणे हा नाही, दुसऱ्याचे डोळे मागणे हा आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचे १९७५ ते १९७७ या काळातील संचालक जॉर्ज हाइलमायर प्रत्येक प्रस्तावाला काही ठरावीक प्रश्न विचारत. पहिला असा: तुम्हाला काय करायचे आहे ते परिभाषेचा एकही शब्द न वापरता सांगा. तिसऱ्या वाचकाला हेच सांगून पाहावे. वाचून झाल्यावर त्याला प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगता आला नाही, तर दोष त्याचा नाही.

यांतली एकही कसोटी महाग नाही. एकीलाही समितीची परवानगी लागत नाही. आणि एकही कसोटी अक्षराचा आकार किंवा संदर्भांची संख्या विचारत नाही.

राहिला एक मुद्दा, जो पूर्वपक्षाने उच्चारला नाही. आराखडा कच्चा राहिला तर नुकसान कोणाचे? विद्यार्थ्याची वर्षे जातात, हे उघड आहे. पण प्रश्नावली भरून देणारी अंगणवाडी सेविका, तास सोडून चाचणी देणारे विद्यार्थी, रक्ताचा नमुना देणारा रुग्ण, यांनी आपला वेळ आणि विश्वास कशासाठी दिला? इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लाझिऊ यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वैद्यकीय संशोधनातल्या टाळता येण्याजोग्या अपव्ययाचे चार टप्पे दाखवले. त्यांतले पहिले दोन म्हणजे चुकीचा प्रश्न आणि सदोष रचना. दोन्ही आराखड्यातले. ज्या अभ्यासातून काही कळणारच नाही असे आधी ओळखता आले असते, त्यासाठी लोकांना तिष्ठत ठेवणे हा अनीतीचा व्यवहार आहे. त्यावर समितीची मोहोर असली तरी तो नीतीचा होत नाही.

आता निवाडा वाचकांच्या हाती आहे. समिती विचार पुरवत नाही. नमुना विचाराची खात्री देत नाही. परीक्षकांचा मतभेद रेषेजवळच्यांपुरता आहे. योगायोगाला आखीव प्रयोग लागतो. आणि मानव्यविद्येने या बाबतीत आपल्याला महाराष्ट्रातच धडा घालून दिला आहे. पूर्वपक्षाचा कोणता मुद्दा उरला, तो त्याच्या समर्थकांनी दाखवावा. दाखवला तर मी तो आदराने तपासेन. तोपर्यंत संशोधकांना माझे एवढेच सांगणे: आराखडा समितीकडे नेण्याआधी तो नापास करण्याचा मनापासून प्रयत्न करा. त्यातून जो तगेल तोच सादर करा.